स्टेपनीला कुलूप

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. कंबर जेवढी वाकू देते तेवढाच. उरलेला मनाने केला आहे असं धरून चाल. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा डोळा कसा आहे? पट्टी निघाली, काळा गॉगल लागला, आता तू घरातल्या घरात गॉगल घालून फिरतोस आणि दारावर आलेला कुरिअरवाला दोन पावलं मागे सरकतो, असं तुझी लेक सांगत होती. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून बजावलंय, तेव्हा हे पत्र वहिनी वाचून दाखवणार हे धरूनच लिहिते आहे. वहिनी, तुमच्यासाठी एक सोय केली आहे. कंसाबाहेरचं मोठ्याने वाचायचं, कंसातलं मनात. (जमतंय ना? तर पहिलं हे : थेंब कुठल्या डोळ्यात घालायचे ते तुम्ही स्वतः बघत जा. गुरुवारी माझ्यादेखत त्याने चांगल्या डोळ्यात घालून घेतले आणि वर म्हणाला, "बघ, किती स्वच्छ दिसायला लागलं!")

फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू "थांब, आधी माझं ऐक" म्हणतोस आणि मग मी पाऊण तास ऐकते. पत्राला थांब म्हणता येत नाही. शिवाय एकतीस वर्षं बँकेच्या तिजोरीघरात काढलेला माणूस तू. तोंडी सांगितलेलं तुला खरं वाटत नाही, कागद लागतो. हा घे कागद. मागणं काही नाही, तक्रार तर मुळीच नाही, सहज ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिते. शनिवारी तुझ्या गाडीतून आम्ही स्पर्धेला गेलो त्याची हकिकत तुला अजून कुणी सांगितलेली नाही. वहिनींनी माझ्या शब्दाखातर चार दिवस तोंड मिटून ठेवलंय (किती त्रास झाला असेल याची मला कल्पना आहे, वहिनी), तेव्हा त्यांचीही सुटका करावी म्हणते.

आधी थोडं मागचं उगाळते. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ते नेहमी वेगळंच ऐकू येतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी क्लबात जाऊन रायफलने कागदी लक्ष्यावर नेम धरायला शिकले, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं की हिचं इतके दिवस जिभेवर भागत होतं, हे आणखी कशाला. तू एकटा हसला नाहीस. तू स्वतः वीस वर्षं त्याच क्लबात दुनळी बंदुकीने हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडल्यास. मग खांदा गेला, बंदूक विकलीस, परवाना परत केलास, त्याला आता नऊ वर्षं होतील. माझा परवाना आला त्या दिवशी तू भेट घेऊन आलास. फुलं नाहीत, मिठाई नाही. तुमच्या बंद पडलेल्या शाखेतली एक बुटकी लोखंडी तिजोरी. ती दोन किल्ल्यांची. एकीने ती दाद देत नाही, दोन माणसांनी आपापली किल्ली फिरवावी लागते. रायफल माझ्या कपाटात, माझ्या कुलपात. पण तिचा बोल्ट, म्हणजे मागचा तो पोलादी खटका, जो नसला की रायफल आणि छत्रीची दांडी यांत फार फरक उरत नाही, तो या तिजोरीत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तुझ्या जुडग्यात. "दोन किल्ल्या, दोन माणसं. एकाचं लक्ष चुकलं तरी दुसऱ्याचं असतं." हे तुझं तत्त्व मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. त्यामुळे गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी सरावाआधी तू येतोस, किल्ली फिरवतोस, नाश्ता करतोस. सराव संपला की पुन्हा येतोस, किल्ली फिरवतोस, जेवतोस. (बँकेतही तो दर वेळी तिजोरी उघडताना खायचा का हो?)

तर एवढ्या दोन वर्षांच्या सरावानंतर पंचेचाळिशीवरच्या बायकांची ही पहिलीच स्पर्धा, आणि तीही दोनशे किलोमीटरवर. दुपारी दोनपर्यंत रेंजवर नाव लावायचं, नाही लागलं तर परत फिरायचं. आमची गाडी गॅरेजमध्ये पडलेली. तू तुझी दिलीस, आणि गाडीबरोबर नियम दिलेस. चौदा. टाइप केलेले, खाली तुझी सही, माझ्या सहीला जागा. खोटं का बोलू, नियम चांगले होते. रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघायचं. ती पेटीत, पेटीला कुलूप. काडतुसं वेगळ्या डब्यात, त्याला वेगळं कुलूप. गाडी एक मिनिटही बेवारशी सोडायची नाही. आत काय आहे ते बाहेरून दिसू द्यायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. पण तुझं शहाणपण आठव्या नियमाला थांबत नाही. नियम नऊ : पेटी गाडीच्या न हलणाऱ्या भागाला साखळीने जखडावी. नियम दहा : पेटी ज्या वाहनातून जाईल त्या वाहनातून तिच्या किल्ल्या नेऊ नयेत. मी म्हटलं, "दादा, मग किल्ल्या काय पोहत येणार?" तर तू म्हणालास, "बँकेत अशीच पद्धत असते." वहिनी त्याच गावी बहिणीकडे जायच्याच होत्या, सकाळच्या बसने. पेटीची आणि साखळीची, दोन्ही किल्ल्या पाकिटात घालून, पाकिटावर लाखेचं सील मारून तू त्यांच्या पर्समध्ये ठेवलंस. काडतुसांच्या डब्याला मी आकड्यांचं कुलूप लावलं आणि आकडा आमच्या लग्नाच्या तारखेचा ठेवला, म्हणजे डबा यांच्या हाती पडला तरी काळजी नाही.

गुरुवारी तू एका डोळ्याला पट्टी बांधून, लेकीला गाडी चालवायला लावून, नातीला पुढच्या सीटवर बसवून आमच्याकडे आलास. आपण किल्ल्या फिरवल्या, रायफल रिकामी असल्याचं तू तुझ्या एका डोळ्याने आणि मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं, तू चौदाच्या चौदा नियम तोंडपाठ म्हटलेस, जाताना दारात उभा राहून आणखी काहीबाही विचारत बसलास, आणि गाडी ठेवून तिघं रिक्षाने गेलात. पेटी घरातच ठेवली, आणि शनिवारी पहाटे निघायच्या आधी नियम नऊ यांनी अमलात आणला. चित्रकलेच्या मास्तरला डिकीसमोर उभं केलं तर तो आधी तिचं रेखाटन करतो. यांनी केलं. अर्धा तास न हलणारा भाग शोधला आणि शेवटी तळाच्या खळग्यात स्टेपनी दिसली. "दादांच्या गाडीची स्टेपनी अकरा वर्षांत जागची हललेली नाही," हे म्हणाले. पेटीची साखळी स्टेपनीच्या चाकातून ओवली, खालच्या लोखंडी हुकातून फिरवली, वर कुलूप. फोटो काढून तुला पाठवला. तुझं उत्तर आलं, "उत्तम." तो मेसेज मी जपून ठेवला आहे.

शनिवारी सकाळी निघताना तुझा फोन आला तो मी अर्ध्यावर ठेवला, त्याबद्दल माफी असावी. रस्ता छान होता, गाडी छान होती, फक्त हे छान नव्हते. गाडीत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही, हा नियम ज्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं त्याला पाळायला देऊ नये. चहाला थांबलो. एकाने गाडीपाशी बसायचं, दुसऱ्याने चहा प्यायचा, मग उलट. (अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटीने, कुणाच्या सांधेदुखीबद्दल न ऐकता, गरम चहा प्यायले. नियम सात मला मनापासून पटला आहे.) यांची पाळी आली तेव्हा टपरीवाल्याने साधं विचारलं, "साहेब, लांबचा प्रवास?" तर हे ओरडून म्हणाले, "डिकीत काही नाही!" टपरीवाला डिकीकडे बघायला लागला. मीही बघितलं, आणि काय दिसावं? मागच्या काचेवर तुझ्या क्लबाचं गोल स्टिकर. दोन बंदुका एकमेकींवर फुली मारून ठेवलेल्या, खाली मोठ्या अक्षरांत 'नेमबाज'. दादा, नियम पाच तू लिहिलास, 'बाहेरून कळेल असं काहीही नसावं.' आणि तुझी गाडी नऊ वर्षं गावभर सांगत फिरते आहे की या, काच फोडा, आत बहुतेक काहीतरी सापडेल. मी नखं तासायच्या कानशीने ते खरवडून काढलं. काचेवर ओरखडे पडले आहेत. माझ्याकडून भेट समज.

अकराच्या सुमाराला मागचं डावं चाक बसलं. आजूबाजूला शेतं, एक बंद पडलेली वीटभट्टी आणि कडक ऊन. हे उतरले, जॅक काढला, पाना काढला, बाह्या सरसावल्या. (वहिनी, बाह्या सरसावलेले हे आणि कढईतून बाहेर आलेलं तेल, दोन्हींपासून मी लांब उभी राहते.) मग डिकी उघडली आणि आम्ही दोघांनी आत वाकून बघितलं. स्टेपनी होती. हवा भरलेली होती. अकरा वर्षांत जागची हललेली नव्हती आणि आजही हलणार नव्हती, कारण तिला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली आमच्या पुढे तासभराच्या अंतरावर बसमध्ये खिडकीशी बसून चालली होती. तुला फोन लावला, तर तू डोळ्याच्या डॉक्टरकडे, फोन बंद. मग वहिनींना लावला.

"वहिनी, पाकीट फोडा हो, आम्ही अडकलोय."

"वन्सं, पाकीट सील आहे. ह्यांनी सांगितलंय, रेंजच्या दारात, तुमच्या हातात, सही घेऊन."

"अहो, पण चाक बसलंय!"

"मग मी काय बसमधून किल्ली फेकू? आत्ताच पूल ओलांडला. आणि फोडून करायचं काय, तुम्ही तिकडे, मी इकडे."

म्हणणं बिनतोड होतं. (तेवढ्यापुरतं.) आता एकच उपाय, बसलेलं चाकच काढून पंक्चर काढून आणायचं. परवाना माझ्या नावावर, त्यामुळे गाडी सोडून मी जाणार नाही. चाक यांच्या नावावर झालं. दोन किलोमीटर मागे एक पंक्चरचं दुकान दिसलं होतं. तिकडे हे चाक लोटत निघाले. उतारावर चाक पुढे, हे मागे. चढावर हे पुढे वाकलेले, चाक जागच्या जागी. लांबून ती शर्यत फार सुंदर दिसत होती. चित्र काढावं असं मी नंतर सुचवलं, यांनी दोन दिवस अबोला धरला.

तासाभराने पंक्चरवाल्याच्या स्कूटरवर मागे चाक पोटाशी धरून बसलेले हे परत आले. पंक्चरवाला स्वतः चाक बसवायला आला होता, कारण त्याचा यांच्या सांगण्यावर विश्वास बसत नव्हता.

"स्टेपनी आहे म्हणता, मग लावली का नाही?"

"कुलूप आहे," हे म्हणाले.

"स्टेपनीला? चोर नेतात म्हणून मालक घरात ठेवतात हे बघितलंय. मालकानेच नेऊ नये म्हणून कुलूप घालतात होय?"

"आमच्या मेव्हण्यांची पद्धत आहे," हे म्हणाले. "ते बँकेत होते."

"हां, मग बरोबर," पंक्चरवाला म्हणाला. "आमची पण बँक अशीच आहे. आपलंच असतं, आपल्याला मिळत नाही." आणि मान वाकडी करून डिकीत बघायला लागला. मी डिकी बंद केली आणि वर बसले. तो म्हणाला, "ताई, जॅकवर गाडी आहे, उतरा." उतरले, पण पाठ टेकून उभी राहिले.

दादा, इथपर्यंतचं सगळं गंमत म्हणून सोडून दे. आता पुढचं. वहिनी, वाचायच्या आधी त्याच्या हातात चहाचा कप असेल तर तो काढून खाली ठेवा.

हे चाक घेऊन गेले होते त्या तासाभरात मी गाडीत एकटी बसले होते. घाम पुसायला काही मिळतंय का म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. त्यात गाडीचे कागद, नातीची लिंबाची चॉकलेटं, एक तुटका कंगवा, आणि सगळ्यांत मागे तुझ्या चष्म्याचा जुना तपकिरी डबा. तोच, जो हरवला म्हणून तू वहिनींना कैक वर्षं बोलतो आहेस. (वहिनी, तुम्ही तो भंगारात दिला नव्हतात. हे वाक्य कंसात टाकलं असलं तरी मोठ्याने वाचायला परवानगी आहे.) उघडला, तर आत चष्मा नव्हता. बारा बोअरची दोन काडतुसं होती, एकापुढे एक, डब्यात अगदी मापात बसलेली. लाल रंग उडून गुलाबी झालेला, पितळेवर हिरवट डाग. भरलेली. जिवंत.

बंदूक विकलीस, परवाना परत केलास, आणि ही दोन नऊ वर्षं उन्हातान्हात तुझ्याबरोबर बाजारात, दवाखान्यात, पोहण्याच्या क्लासला फिरत होती. ना कुलूप, ना साखळी, ना लाख. कप्प्याला नुसती एक खिटी, आणि ती उघडता येणारं सगळ्यांत लहान माणूस पाच वर्षांचं आहे. गुरुवारी तिने त्याच कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून मला चॉकलेट काढून दिलं होतं. तू शेजारी उभा राहून मला नियम तीन समजावत होतास. मी बराच वेळ तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. एवढंच लिहिते. यावर विनोद सुचला नाही, आणि तुला माहीत आहे मला बहुतेक कशावरही सुचतो.

मग मी डबा जसाच्या तसा माझ्या काडतुसांच्या डब्यात ठेवला, लग्नाची तारीख फिरवून कुलूप लावलं, आणि घड्याळात बघितलं. ती काडतुसं माझ्या परवान्यावर नाहीत. परत कप्प्यात ठेवली असती तर कुणालाही कळलं नसतं. वेळेवर रेंजवर पोचले असते. हे परत आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "पुढच्या गावात चौकी आहे. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते." या माणसावर मी अठ्ठावीस वर्षं टीका करते आहे, ती पुढेही चालू राहील, पण मध्ये पंधरा मिनिटं थांबवली होती.

चौकीत हे गाडीत बसले, मी आत गेले. चौकीतले साहेब कागद पुढे ओढून लिहायला लागले.

"काडतुसं कुणाची?"

"भावाची."

"भाऊ कुठे आहेत?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडे."

"तुमच्याकडे हत्यार आहे?"

"आहे. डिकीत, पेटीत, कुलपात."

"किल्ली?"

"बसमध्ये."

"बस कुठे आहे?"

"पुलाच्या पलीकडे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. मग स्वतः बाहेर येऊन डिकी उघडून पेटी, साखळी, स्टेपनी सगळं बघितलं. म्हणाले, "हे कुणी सुचवलं?" म्हटलं, "काडतुसं ज्याची, त्यानेच." त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. तरी माणूस भला. म्हणाले, "आणून दिलीत ते बरं केलंत, बाई. लोक घाबरून विहिरीत टाकतात, मग आम्हाला विहीर उपसावी लागते." तीन प्रतींत जबाब लिहून घेतला, माझा परवाना तपासला, कुठे कुठे फोन केले. या सगळ्यात पाऊण तास गेला.

रेंजच्या दारात वहिनी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी धावत गेले. त्यांनी आधी वही पुढे केली, "सही." सही केली. "वेळ घाला." वेळ घातली. "ओळखीचा पुरावा?" मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या लग्नात तुमची साडी ज्या मुलीने पायाखाली तुडवून फाडली, ती मी." म्हणाल्या, "पटलं," आणि पाकीट दिलं. (तुमच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. बँकेने चुकीच्या माणसाला नोकरी दिली.)

नाव लावायची वेळ दोनची होती. माझी फेरी हुकली. ती कुणामुळे हुकली हे मी म्हणणार नाही, माझे संस्कार चांगले आहेत. तू थोरला, तू शहाणा, तू बंद कपाटाला दोनदा ओढून बघणारा माणूस. तुझा नियम मी पाळला आणि स्टेपनी गमावली. तुझा नियम तू मोडलास आणि मी माझी फेरी गमावली. मनात काही ठेवलेलं नाही. सगळं इथे लिहून टाकलं आहे.

वहिनींना नमस्कार, नातीला गोड पापा. डोळा चोळू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. एवढं लिहिलं आणि एक कामाचं राहिलं. चौकीतल्या साहेबांनी पंधरा दिवसांत तुला स्वतः बोलावलं आहे, परवाना परत केल्याची पावती घेऊन. घाबरू नकोस, ते रागावलेले नाहीत, त्यांना फक्त तुला बघायचं आहे. आणि ज्याने एका डब्यात दोन ठेवली तो दुसऱ्या डब्यातही ठेवू शकतो. तेव्हा पत्र संपताच जुने कोट, क्लबाची पिशवी, माळ्यावरच्या पेट्या, बागेच्या अवजारांचं कपाट, सगळं लेकीकडून तपासून घे. नात घरात नसताना. आजच. हे मात्र मागणं आहे.

ता. क. २. रेंजच्या बाईंनी दया येऊन ज्यांची फेरी राहिली त्यांच्यासाठी येत्या रविवारी दुपारी दोन वाजता जादा फेरी ठेवली आहे. तेव्हा शनिवारी दोघं राहायलाच या. बसने या, मी न्यायला येते. येताना तुझं किल्ल्यांचं जुडगं आठवणीने आण. खास काही नाही. तिजोरी कुरकुरते, तेल द्यायचं आहे.

ता. क. ३. (वहिनी, हा सबंध ताजा कलम कंसात आहे. तुम्ही तिथे होतात, तुम्ही सगळं बघितलंत, पण त्याला सांगायचं नाही. चौकीतल्या साहेबांनी रेंजवर फोन करून "बाई येताहेत, थांबा" सांगितल्यामुळे त्यांनी माझी जागा पावणेतीनपर्यंत धरून ठेवली होती. मी वेळेत होते. सगळ्या बायका उभ्या, अधिकारी बाई उभ्या, मी लाख फोडली, साखळी सोडली, पेटी उघडली, आणि रायफलच्या पाठीत भोक. बोल्ट नव्हता. बोल्ट घरी, त्याच्या तिजोरीत. गुरुवारी काढला, पुसला, तेल लावलं, आणि दोन वर्षांच्या सवयीने परत आत ठेवून किल्ली फिरवली. आता त्याची किल्ली आल्याशिवाय तो बाहेर येत नाही, आणि बोल्टाशिवाय रविवारी मी लक्ष्यावर फक्त डोळे वटारू शकेन. काय वाटेल ते करा, पण जुडगं त्याच्या खिशात आहे याची खात्री करून निघा.)

ता. क. ४. दादा, वहिनींनी चार दिवस कळ काढली आहे, त्यामुळे वरचा कंस त्यांनी मोठ्याने वाचला असणार, आणि तू गॉगल काढून डोळे पुसत हसत असणार. जोराने हसू नकोस, टाका तुटेल. कबूल आहे. गुरुवारी दारात उभं राहून तू विचारलं होतंस, "बोल्ट घेतलास ना?" मी म्हटलं होतं, "मी काय लहान आहे?" शनिवारी फोनवर तू पुन्हा तेच विचारायला लागलास म्हणून मी फोन ठेवला. पण एक विचार कर. ती तिजोरी एका किल्लीने बंद होत नाही. बोल्ट आत ठेवला मी. माझ्या शेजारी उभं राहून, उघड्या डोळ्याने आत बघत, नियम तीन म्हणत, दुसरी किल्ली फिरवलीस तू. एकाचं लक्ष चुकलं तर दुसऱ्याचं असतं, असं तू म्हणतोस. रविवारी सकाळी सहाला तिजोरी उघडायची आहे. या वेळी दोघांनी गप्प बसून आत बघायचं. नाश्ता नंतर.